घरातला फळा आणि संख्यांची चाळण

मुलांनो, तुमच्या घरात फळा आहे का? शाळेतल्यासारखा, भिंतीवर टांगलेला, खडूने लिहायचा. त्यावर हवं ते लिहावं, हवं तेव्हा पुसावं आणि कुणी ओरडू नये, असा!

“वाशीच्या घरात फळा लावायला भिंत कुठे शिल्लक आहे?” असं तुमची आई म्हणेल. एका भिंतीला टीव्ही, दुसरीला कपाट, तिसरीला खिडकी. खरं आहे तिचं. पण आज मी तुम्हाला अशा एका घराची गोष्ट सांगणार आहे, जिथे मुलांसाठी भिंतीवर एक सोडून दोन फळे होते. आणि त्यानंतर अशा एका मुलीची गोष्ट, जिला गणित मनापासून आवडत होतं, पण ज्या वाटेला मुलगा सहा वर्षं घेतो, त्याच वाटेला तिला सतरा वर्षं लागली. गंमत म्हणजे ही दोन्ही माणसं पुढे एकाच घरात राहिली!

मोरूमामाचं आव्हान

पहिली गोष्ट जयंतची. जयंत विष्णू नारळीकर. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला जन्मलेला हा मुलगा वाढला मात्र बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात पुस्तकं, चर्चा आणि ते दोन फळे. एक जयंतसाठी, एक धाकट्या भावासाठी.

त्यांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी बनारसला आले आणि बहिणीकडेच राहिले. मुलांचे ते मोरूमामा! जयंतला गणिताची गोडी आहे हे मामांनी ओळखलं. मग त्यांनी काय करावं? शिकवणी लावली नाही, पाढे घोकायला बसवलं नाही. फळ्यावर एक कोडं लिहिलं आणि वर मथळा दिला, हा प्रश्न जयंतसाठी आव्हान! तो प्रश्न फळ्यावर तसाच राहायचा. एक तर जयंतने तो सोडवायचा, नाही तर “मामा, हरलो” असं कबूल करायचं.

विचार करा बरं, सकाळी उठलं की समोर कोडं. जेवायला बसलं की समोर कोडं. झोपायला निघालं तरी ते आपल्याकडे बघतंय! अशा वेळी चैन कसं पडणार? प्रश्न शाळेच्या पुस्तकातले नव्हते, त्यामुळे मार्कांची भीती नव्हती. होती ती फक्त चुरस. मामाला हरवायची!

पुढची वाट जयंतने भराभर चालून टाकली. १९५७ मध्ये बनारस विद्यापीठाची बी.एस्सी. त्याच वर्षी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला केंब्रिजला रवाना. तिथल्या गणिताच्या परीक्षेला ‘ट्रायपॉस’ म्हणतात. त्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला ‘रँग्लर’ ही पदवी मिळते. रँग्लर परांजपे हे नाव तुमच्या आजोबांनी नक्की ऐकलेलं असेल. कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये ‘सीनियर रँग्लर’, म्हणजे त्या परीक्षेत सर्वांत वरचे ठरले होते. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. बरोबर साठ वर्षांनी, १९५९ मध्ये, जयंत नारळीकरांनी तोच मान मिळवला. १९६३ मध्ये फ्रेड हॉईल या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं, तेव्हा ते फक्त सव्वीस वर्षांचे होते! केंब्रिजला पाऊल ठेवल्यापासून पीएच.डी.पर्यंत सहा वर्षं. सरळ, मोकळी वाट.

ही गोष्ट तुम्ही कधीतरी वाचलेली असेल. आता दुसरी ऐका. ही फारशी कुणी सांगत नाही.

मुंबईची मंगला

१७ मे १९४३ रोजी मुंबईत मंगला राजवाडे या मुलीचा जन्म झाला. गणितात अतिशय हुशार. १९६२ मध्ये ती मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. १९६४ मध्ये गणित घेऊन एम.ए. झाली, तीही विद्यापीठात पहिली! कुलपतींचं सुवर्णपदक तिला मिळालं. वय अवघं एकवीस.

तुम्ही विचाराल, बी.ए. आणि गणित? हो! गणित हा विषय घेऊन बी.ए.सुद्धा होता येतं, बरं का.

त्याच वर्षी ती कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाली. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. देशातले नामांकित गणिती तिथे काम करत होते. आपली मंगला त्यांच्यात संशोधन विद्यार्थिनी म्हणून बसू लागली. आता दोन-चार वर्षांत पीएच.डी. होणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण १९६६ मध्ये तिचं जयंत नारळीकरांशी लग्न झालं. ती मंगला नारळीकर झाली आणि केंब्रिजला गेली. मुंबईतलं संशोधन अर्धवट राहिलं. केंब्रिजमध्ये १९६७ ते १९६९ मंगलाताईंनी पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवलं. मग मुली झाल्या, घर वाढलं. १९७२ मध्ये नारळीकर कुटुंब भारतात परतलं. जयंतराव टाटा संस्थेत प्राध्यापक झाले. मंगलाताईंच्या दिवसाचे तास मात्र घर, मुली, येणारे-जाणारे यांच्यात वाटले गेले.

दोस्तांनो, इथे पुष्कळ जणांची गोष्ट संपते. “आमची आई शाळेत गणितात पहिली यायची, पण पुढे राहूनच गेलं,” असं तुमच्यापैकी कितीतरी जण सांगतील. घरी जाऊन विचारा, आजीलाही विचारा!

मंगलाताईंनी तसं होऊ दिलं नाही. १९७४ मध्ये त्या पुन्हा टाटा संस्थेच्या गणित विभागात जाऊ लागल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या टेबलावरून उठल्या होत्या, तिथेच पुन्हा वही उघडली म्हणा ना. एवढ्या काळात विषय कितीतरी पुढे गेलेला असतो. आपल्यापेक्षा लहान मुलं पुढे निघून गेलेली असतात. तरी त्या नेटाने बसल्या. १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना गणितात पीएच.डी. दिली. एम.ए.चं सुवर्णपदक १९६४ चं आणि पीएच.डी. १९८१ ची. मोजा बरं मधली वर्षं! सतरा.

संख्या चाळायच्या कशा?

मंगलाताईंचा विषय होता संख्या सिद्धांताचा, म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास. नाव भारदस्त आहे, पण त्याचं दार तुमच्या पाचवी-सहावीच्या वहीतच उघडतं. चला, उघडू या.

आपल्या वाशीच्या धान्यबाजारात धान्य चाळताना तुम्ही पाहिलं असेल. चाळणीच्या भोकांवर ठरतं, काय खाली पडणार आणि काय वर राहणार. संख्याही तशाच चाळता येतात! ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाच्या नावाने ती ओळखली जाते.

वहीत २ पासून ५० पर्यंत संख्या लिहा. २ ला गोल करा आणि मग २ च्या पाढ्यातल्या बाकी सगळ्या संख्या खोडा : ४, ६, ८, १०... ही झाली पहिली चाळण. आता ३ ला गोल करून ३ च्या पाढ्यातल्या उरलेल्या खोडा. ४ तर आधीच गेला. मग ५ ची चाळण, मग ७ ची. संपलं! जे उरलं त्याला कोणत्याच चाळणीने खाली पाडलेलं नाही. मोजून पाहा, गोल केलेल्या धरून पंधरा संख्या उरतील. याच मूळ संख्या.

आता नुसत्या उरलेल्या संख्या पाहू नका, त्यांच्या मधली मोकळी जागा पाहा. २३ नंतर एकदम २९. मधल्या २४, २५, २६, २७, २८ या पाचही गळाल्या. कधी दोन संख्या अगदी शेजारी राहतात, जसं ४१ आणि ४३. मग प्रश्न पडतो, चाळण लावल्यावर उरणाऱ्या संख्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर पडू शकेल? चाळण्या बदलल्या तर काय होईल? संख्या लाखात, कोटीत गेल्या तर?

असे प्रश्न एर्डिश आणि सेमेरेदी या हंगेरीच्या दोन गणितज्ञांनी हाताळले होते. मंगलाताईंनी टाटा संस्थेतल्या के. रामचंद्र यांच्याबरोबर त्याच वाटेवर पुढचं काम केलं. त्यांचा १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध याच ‘चाळलेल्या संख्यां’वर आहे. म्हणजे तुमच्या वहीतली खोडाखोड आणि मोठ्या गणितज्ञांचा निबंध, दोन्हींच्या मुळाशी असतो एकच प्रश्न : चाळल्यावर काय उरतं?

त्रेपन्न की पन्नास तीन?

पीएच.डी. नंतर मंगलाताईंनी मुंबई विद्यापीठात आणि पुढे पुणे विद्यापीठात शिकवलं. पण मला, एका प्राथमिक शिक्षकाला, त्यांचं सर्वांत जवळचं वाटतं ते वेगळंच काम. त्यांनी तुमच्यासाठी लिहिलं. ‘गणितगप्पा’, ‘गणिताच्या सोप्या वाटा’ ही त्यांची पुस्तकं मराठीत आहेत. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्षा होत्या. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांच्या दप्तरात त्यांनी पाहिलेलं पुस्तक होतं!

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा गलका झाला, तो तुमच्या आईबाबांना आठवत असेल. पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असंही वाचायला सुचवलं होतं. लोकांनी थट्टा केली, विधानसभेतही विषय निघाला. पण यामागचा विचार किती जणांनी समजून घेतला?

पहिली-दुसरीच्या वर्गात उभं राहिलं की तो लगेच समजतो. बाईंनी किंवा गुरुजींनी “त्रेपन्न लिहा” म्हटलं की मुलाच्या कानावर आधी ‘त्रे’ पडतं, मग ‘पन्न’. म्हणून ते आधी ३ लिहितं, मग ५. झाले पस्तीस! लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी. बिचाऱ्याची तारांबळ उडते. एकोणतीस तर आणखी अवघड, त्यात ‘तीस’ ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९.

आपल्या वाशीत एकाच जिन्यावर मराठी, तमिळ, मल्याळी, गुजराती अशी घरं असतात. शेजारच्या तमिळ मैत्रिणीला विचारा, एकवीस कसं म्हणतेस? ती सांगेल, ‘इरुपत्ती ओन्रु’. म्हणजे वीस, एक. दशक आधी, एकक नंतर, अगदी लिहितो तसं. इंग्रजीतही ‘ट्वेंटी वन’. मंगलाताईंचं म्हणणं एवढंच होतं की, ज्या मुलांना जुनी नावं जड जातात, त्यांना आधी हा सोपा जिना द्या. जुने शब्द पुस्तकात होतेच.

ही पद्धत तुम्हाला आवडो न आवडो, एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. शोधनिबंध लिहिणारी एक विदुषी दुसरीतलं मूल कुठे अडखळतं याचा विचार करत होती. गणित अवघड आहे असं म्हणून सोडून देणाऱ्या मुलाचा हात तिला धरायचा होता.

वाट एकच नसते

‘लीलावतीज डॉटर्स’ या नावाचं एक इंग्रजी पुस्तक २००८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने काढलं. त्यात भारतातल्या वैज्ञानिक स्त्रियांच्या कहाण्या आहेत. (लीलावती म्हणजे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ग्रंथातली, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) त्यात मंगलाताईंनीही आपली हकिगत लिहिली आहे. आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांनी घर आधी आणि स्वतःचं काम नंतर असं मानलं, आपली कहाणी त्यांच्यासारखीच आहे, असं त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितलं. तक्रारीचा सूर नाही, पण खोटं गोड बोलणंही नाही.

त्यांना तीन मुली : गीता, गिरिजा आणि लीलावती. तिघीही विज्ञान आणि संगणकाच्या संशोधनाकडे वळल्या. १७ जुलै २०२३ रोजी मंगलाताई पुण्यात वारल्या. जयंतराव २० मे २०२५ रोजी गेले.

आता तुम्ही विचाराल, आज गणितज्ञ व्हायचं तर काय करायचं? मनात आणलं तर वाट मोकळी आहे. बारावीनंतर गणितात बी.एस्सी. करता येते. बेंगळुरूची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नईची गणित संस्था, पुण्याची आयसर अशा ठिकाणी प्रवेशपरीक्षा देऊन जाता येतं. त्यानंतर एम.एस्सी., मग पीएच.डी. आणि संशोधन करताना विद्यावेतनही मिळतं, हे पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. अकोल्यात १९८३ मध्ये जन्मलेले महेश काकडे असेच बेंगळुरूच्या सांख्यिकी संस्थेत शिकले, केंब्रिजला जाऊन पीएच.डी. झाले आणि परत येऊन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. २०२२ चा गणिताचा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचाही विषय संख्यांचाच!

आणि लांब कशाला? वाशीहून लोकलने खाडीपूल ओलांडला की पहिलं स्टेशन मानखुर्द. स्टेशनजवळच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ज्या टाटा संस्थेत मंगलाताईंनी काम केलं, तिचाच हा भाग. गणित ऑलिंपियाडसाठी देशभरातून निवडलेल्या मुलांची शिबिरं इथे अनेक वर्षं भरली. पुढच्या खेपेला गाडी मानखुर्दला थांबली की खिडकीतून बघा आणि आठवण ठेवा.

पालकांशी दोन शब्द

आईबाबांनो, एवढं वाचलंत तर आणखी दोन ओळी वाचा. जयंतला कोडी घालणारे मामा मिळाले, दोन फळे मिळाले, वेळ मिळाला. मंगलाताईंकडे सुवर्णपदक होतं, पण वेळ त्यांना कणाकणाने गोळा करावा लागला. त्यांनी तो केला, म्हणून आपल्याला त्या ठाऊक आहेत. ज्यांना जमला नाही, त्या किती असतील याची मोजदाद कुणाकडेच नाही.

तेव्हा घरात मुलगा असो की मुलगी, संध्याकाळी भाजी निवडायला, भाऊ सांभाळायला हाक कुणाला जाते, ते एकदा तपासून पाहा. शिकवणीची फी दोघांची सारखी भरतो आपण, पण मोकळा तास दोघांना सारखा देतो का? फळा पन्नास-शंभर रुपयांचा असला तरी चालेल. जुन्या कॅलेंडरची पाठ भिंतीला चिकटवली तरी चालेल. त्यावर आठवड्याला एक कोडं लिहा. उत्तर तुम्हाला येत नसलं तर उत्तमच, दोघं मिळून शोधा. आणि त्याला मार्क देऊ नका!

आणि आता तुमचं आव्हान

तर दोस्तांनो, मोरूमामांसारखं एक कोडं मीही घालते तुम्हाला. १ ते ५० संख्या लिहा. या वेळी चाळण्या वेगळ्या घ्यायच्या : ४, ९, २५ आणि ४९. यांच्या पाढ्यात येणाऱ्या सगळ्या संख्या खोडा, ४, ९, २५, ४९ स्वतः धरून. किती उरल्या? आणि सलग तीन संख्या गळाल्या आहेत अशी जागा कुठे सापडते?

ते जमलं तर खरं आव्हान पुढे आहे. १२१, १६९ आणि २२५ याही चाळण्या जोडा आणि २५० पर्यंत जा. तिथे एके ठिकाणी सलग चार संख्या गळालेल्या सापडतील. त्या कोणत्या?

उत्तर मी देणार नाही. फळ्यावर लिहून ठेवा. सुटेपर्यंत पुसू नका!